गर्जे मॅडमची सहा भांडी

गर्जे मॅडम गोळीकडे ज्या धीरानं बघत, त्याच्या पावपट धीर त्यांनी माणसांसाठी राखला असता, तर आमच्या लॅबमध्ये त्यांची एवढी दहशत राहिली नसती. गोळीला त्या तास तास देत. माणसाला एक वाक्य. ते वाक्य पटलं नाही की समोरच्या कागदावर बोट ठेवत आणि म्हणत, "हे काय सांगतंय ते बघ. तू काय सांगतोस ते ऱ्हाऊ दे."

नगरच्या एमआयडीसीत गोळ्या बनवणारी आमची कंपनी. फार मोठी नाही, अगदी लहानही नाही. मी बी. फार्म. होऊन तिथं चिकटलो तेव्हा मॅडम डिझोल्युशनच्या प्रमुख होत्या. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यंत्रात काचेची सहा मोठी भांडी बसवलेली असतात. त्यांत माणसाच्या अंगाइतकं कोमट द्रावण भरायचं. प्रत्येक भांड्यात एक वल्हं संथपणे फिरत असतं. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची आणि ठरल्या वेळी थोडं पाणी काढून मोजायचं, की गोळीतलं औषध पाण्यात किती उतरलं. म्हणजे पोटाची नक्कलच म्हणा ना. गोळीत औषध अगदी पुरेपूर असलं, तरी ते विरघळलं नाही तर रक्तात जात नाही. गोळी आली तशी निघून जाते. मॅडम नव्या पोरांना हे सगळं एका वाक्यात सांगून मोकळ्या होत. "गिळली म्हणजे घेतली असं नाही."

बेताची उंची, काळासावळा वर्ण, चाळिशी उलटलेली. लग्न केलेलं नव्हतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, कारण हातात पिपेट असताना हात न वळवता वेळ दिसली पाहिजे. ॲप्रनच्या खिशात एक लहानशी बॅटरी असायची. वल्ही फिरायला लागली की त्या एकेका भांड्यावर उजेड पाडून वाकून बघत. नियमाला फक्त शेवटचा आकडा हवा असतो. मॅडम मात्र स्वतःच्या एका लांबोळक्या वहीत गोळीचं वागणं लिहून ठेवत. 'तीन नंबरची कड आधी सुटली.' 'पाच नंबर आठ मिनिटं गप्प.' ही वही कोणी मागितली नव्हती आणि कोणी वाचतही नव्हतं. आम्ही मागून हसायचो, की बाईंनी गोळ्यांच्या कुंडल्या मांडल्यात.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि अर्धा तास भांड्यांकडे बघत राहायला सांगितलं. मी सावेडीत, म्हणजे नगरच्याच उपनगरात वाढलेला. मोबाईलशिवाय अर्धा तास ही माझ्यासाठी शिक्षाच होती. पाचव्या मिनिटाला मोबाईल खिशातून मांडीवर आला. वेळ भरल्यावर त्यांनी विचारलं, पहिली कुठली फुटली? मी तोंडाला आला तो आकडा ठोकून दिला, चार. फळ्यावर ड्युटीच्या यादीत माझं नाव होतं ते त्यांनी पुसलं आणि तिथं 'सावेडी' असं लिहिलं. ज्या दिवशी बघून उत्तर देशील त्या दिवशी नाव परत मिळेल, असं सांगितलं. चार महिन्यांनी ते मिळालं, पण तोवर वॉचमनसुद्धा मला सावेडी म्हणायला लागला होता, आणि मॅडमनीही ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र त्या जरा सैलावत. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी पापड. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, आणि आपल्या कोरड्या मुलखाचा त्यांना विचित्र अभिमान होता. आम्ही पावसाळ्यात मऊ पडलेली बिस्किटं खात बसलो की त्या आपला पापड मुद्दाम आवाज करून मोडत. त्यांच्या गावाकडं डब्यात ठेवलेली वस्तू वर्ष वर्ष जशीच्या तशी राहते, हवेत पाणीच नाही तर नासायचं कशानं, असं त्यांचं म्हणणं. आणि हीच बाई जेवण झालं की आम्हाला ओलाव्यावर तासभर फैलावर घेई. पाकीट म्हणजे गोळीचं कातडं आहे, ते सोललं की गोळी उघडी पडते, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की ते माझ्या झोपेतही पाठ होतं. हे मी मुद्दाम नमूद करतोय, कारण पुढं जे झालं तेव्हा ते मलाही आठवायला हवं होतं.

त्यांच्या कडकपणाच्या दोन बाजू होत्या, आणि एका प्रसंगात मला त्या दोन्ही एकदम दिसल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक लॉट भांड्यांत अडला. गोळ्या सुटेचनात. माल गाडीत चढायचा होता. प्रॉडक्शनचे साहेब स्वतः लॅबमध्ये आले, खुर्ची ओढून बसले आणि गोड आवाजात म्हणाले, की मॅडम, पाणी अर्धा-एक डिग्री इकडंतिकडं झालं तर कोण बघतंय. मॅडमनी त्यांच्यापुढं वही सरकवली आणि हे वाक्य इथं लिहून खाली सही करा, एवढंच म्हणाल्या. साहेब उठून गेले. लॉट थांबला. त्या दिवशी मला त्यांच्या हाताखाली काम करतोय याचा अभिमान वाटला.

पण गोळी एवढी घट्ट झाली कशी, याची चौकशी लागली, तेव्हा गोळ्या दाबायच्या मशीनवरचे शेखभाई बोलावले गेले. वीस वर्षं त्या मशीनवर काढलेला माणूस. ते म्हणाले, मी दाब वाढवलेला नाही. मॅडम म्हणाल्या, गोळी म्हणते वाढवलाय. शेखभाई पुन्हा म्हणाले, मॅडम, खरं सांगतो. मॅडमनी नेहमीप्रमाणं कागदावर बोट ठेवलं. शेखभाईंना मेमो मिळाला. तीन आठवड्यांनी कळलं की मशीनवरचा दाबाचा काटाच बिघडलेला होता, तो कमी दाखवत होता. मॅडम खाली मशीनपाशी गेल्या, काटा बिघडला होता म्हणून सांगितलं. शेखभाई म्हणाले, मी दाब वाढवला नव्हता, मला ठाऊक होतं. मॅडम वळल्या आणि जिना चढून परत आल्या. माफी मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण ती कुठल्या रकान्यात लिहायची हे बहुधा ठाऊक नव्हतं.

त्यांच्या घरचं मला कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. आईवडील ऊसतोडीला जात. सहाव्या वर्षी मॅडमना वसतिगृहात ठेवलं, ते त्या थेट पदवी घेऊनच बाहेर पडल्या. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ भागवत. तो बारा वर्षांचा असताना वर्गात फिट येऊन पडला, मास्तरांनी घरी पाठवून दिलं, आणि त्यानंतर त्याची शाळा संपली ती संपलीच. पुढं त्याच्याही हातात कोयता आला. लग्न झालं, मंदा नावाची कामसू बायको मिळाली, एक मुलगी झाली, पूनम. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि फिट बंद झाल्या. त्या गोळ्या आमच्याच कंपनीच्या. त्या लॉटची तपासणी असली की मॅडमची बॅटरी जरा जास्तच वेळ भांड्यांवर फिरायची.

अडचण एकच होती. फिट येणारा माणूस ऊसतोडीच्या टोळीत घ्यायला मुकादम तयार नसतो. कोयता हातात असताना पडला, गाडीवरून पडला, तर कोण निस्तरणार. भागवतनं आजार लपवला होता. पण टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, एकमेकींना चिकटून, एकाच्या ताटात काय आहे ते दुसऱ्याला दिसतं. त्या वर्षी टोळीत नवीन एक जोडपं येणार होतं, आणि त्यांच्या पोराला त्याच आजाराच्या त्याच गोळ्या चालू होत्या. पाकीट ओळखणार म्हणजे ओळखणारच. भागवतनं बहिणीला फोन केला, आक्का, कायतरी कर.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी पिशवीतून सहा महिन्यांची पाकिटं काढली आणि टेबलावर ओतली. शेजारी एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा. एकेक गोळी पाकिटातून दाबून डब्यात टाकायला लागल्या. एकटीला किती वेळ लागला असता म्हणून मीही बसलो. पाकिटाचा तो चटचट आवाज अजून माझ्या कानात आहे. मी मध्येच म्हणालो, मॅडम, कातडं सोलतोय आपण. त्या हसल्या. थंडीचे दिवस आहेत, डब्याला झाकण आहे, आणि सहा महिन्यांचा तर प्रश्न, असं काहीसं म्हणाल्या. डब्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'पित्तासाठी'. मीही हसलो आणि विषय सोडला. दोन औषधशास्त्र शिकलेली माणसं एका टेबलावर बसली होती आणि दोघांनीही एवढ्यावरच समाधान मानलं.

संक्रांत झाल्यावर भागवतचे फोन यायला लागले. मॅडम लॅबमध्ये फोन घेत नसत, पण ते घेतले. एका आठवड्यात भागवतला दोनदा फिट आली होती. मुकादमाला मंदानं उपाशी पोटी चक्कर आली म्हणून सांगितलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या चुकवल्या का? नाही म्हणाला. मंदाला डबा मोजायला लावला, गोळ्या बरोब्बर होत्या. दुसऱ्या फोनला पुन्हा तोच प्रश्न. मॅडमचा हिशेब सरळ होता. लॉट त्यांनी स्वतः तपासलेला, आकडे वहीत लिहिलेले, गोळीत खोट असणं शक्य नाही. म्हणजे माणूस खोटं बोलतोय. तिसऱ्या फोनच्या वेळी मी शेजारच्या बाकावर होतो. आवाज चढला की मॅडमच्या तोंडातून गावाकडची भाषा बाहेर पडायची.

"खोटं बोलू नको, भागवत. गोळी घेतल्याव फिट येतीच कशी? मंदा देती अन् तू थुकून टाकतोस. मला शिकवू नको, मी हेच काम करते हितं."

पलीकडून तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. मॅडमनी ते पुरतं ऐकलं नाही. नंतर आईला फोन लावला आणि सांगितलं, की तो गोळ्या घेत नाहीये, मंदाचं लक्ष दिसत नाही. मॅडम, तुम्ही गेलात तर त्याला डॉक्टरकडं नेता येईल, असं मी सुचवलं. रविवारी जाते म्हणाल्या. तो दिवस गुरुवार होता.

शनिवारी सकाळी भागवत उसाच्या चारीत पालथा सापडला. चारीला वीतभर पाणी होतं. तोंड धुवायला गेला असताना फिट आली असणार. मंदा वीस पावलांवर मोळ्या बांधत होती.

मॅडम चौदा दिवसांनी कामावर आल्या. कपाटाला किल्ली लावली, पिशवीतून तो पांढरा डबा काढला आणि आत ठेवला. दुपारी मला म्हणाल्या, रविवारी येशील का, एक तपासणी करायची आहे, कंपनीची नाही. बाहेरची वस्तू कंपनीच्या यंत्रात घालायची नाही हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवलेला. मी येतो म्हणालो.

रविवारी द्रावण गरम होईपर्यंत त्यांनी मला सांगितलं ते असं. सामान आणायला म्हणून त्या कोपीवर गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. नगरहून दोन तासांचा रस्ता, पण कोपी म्हणजे काय ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांना त्यापासूनच तर लांब ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं आपला कोरडा माळ होता आणि त्यावर एक झोपडी. प्रत्यक्षात चारी बाजूंनी भिजवलेला ऊस, दहा पावलांवर पाटाचं पाणी, खाली ओली जमीन. सकाळी अंथरूण पिळावं इतकं दहिवर. चुलीपाशी फळीवर मंदाचा मिठाचा डबा होता आणि त्याला लागून भागवतचा पित्ताचा. मिठाला पाणी सुटून त्याचा लगदा झाला होता. "मी मिठाकडं बघितलं," मॅडम म्हणाल्या, "अन् मंग शेजारच्या डब्याकडं."

कंपनीत प्रत्येक लॉटचे थोडे नमुने राखून ठेवलेले असतात. त्याच लॉटच्या पाकिटातल्या तीन गोळ्या पहिल्या तीन भांड्यांत, आणि डब्यातल्या तीन पुढच्या तीन भांड्यांत सोडल्या. वल्ही फिरायला लागली. मॅडमनी बॅटरी काढली नाही. त्या खिडकीपाशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तू बघ, आणि सांग. पहिल्या तिन्ही गोळ्या काही मिनिटांत फुलल्या, फुटल्या, पिठासारख्या पसरल्या. पुढच्या तीन तळाशी बसून होत्या. मी दर पाच मिनिटांनी सांगत गेलो. चार नंबर तशीच. पाच तशीच. सहा तशीच. तासाभरानंतर वल्ही थांबवली, तेव्हाही त्या खड्यांसारख्या पडून होत्या. आकडा काढला. तिसरा हिस्सासुद्धा औषध उतरलेलं नव्हतं. या औषधाचं असंच असतं. दमट हवेत उघडं पडलं की ते पाणी ओढून घेतं आणि गोळी आतून घट्ट होते. हे आम्ही दोघंही परीक्षेत लिहून पास झालो होतो.

मॅडमनी लांबोळकी वही माझ्याकडं दिली आणि म्हणाल्या, लिही. मी काय लिहू विचारलं. जे दिसलं ते, म्हणाल्या. मी लिहिलं. खाली त्यांनी नेहमीच्या सुवाच्य अक्षरात सही केली.

इथंच सगळं थांबलं असतं तर ते त्यांच्या एकटीचं दुःख राहिलं असतं. पण गावात दुसरंच चालू झालं होतं. लेक फोनवर काय म्हणाली ते मॅडमच्या म्हाताऱ्या आईच्या मनात पक्कं बसलं होतं. मंदानं गोळ्या दिल्या नाहीत, मंदानं माझा मुलगा मारला. ती मंदाच्या हातचं खात नव्हती. मंदाचे भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होते, आणि म्हातारी नात सोडायला तयार नव्हती. मंदा नवरा गमावून बसली होती, आता घर आणि मुलगीही जाणार होती, आणि हे सगळं मॅडमच्या एका वाक्यावर उभं होतं. मॅडमनी हे मला सांगितलं आणि विचारलं, मोटारसायकल आहे ना तुझ्याकडं?

पाथर्डीच्या पुढं त्यांच्या गावी पोचलो तेव्हा मंदाचा भाऊ आलेलाच होता. ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मंदा दाराच्या आत, बोचकं बांधलेलं. म्हातारी भिंतीला टेकून. सात वर्षांची पूनम आजीला चिकटून होती. मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी जास्त प्रस्तावना केली नाही.

"आई, मंदानं रोज गोळी दिली. भागवतनं रोज घेतली. गोळी खराब झाल्ती, अन् ती मी केली. पाकिटातून मी काढली."

म्हातारीनं मान हलवली. "तू कशी करशील? तू तर तितंच कामाला हायेस. भावजयीला वाचवाया बोलतीस तू."

मॅडम पुन्हा समजावायला लागल्या, ओल, हवा, पाकीट. म्हातारी ऐकतच नव्हती. शिकलेल्या लेकीच्या हातून अशी चूक होऊ शकते, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग मॅडमनी पूनमला पाण्याचे दोन पेले आणायला सांगितलं. काचेचे आणले. ते म्हातारीपुढं जमिनीवर ठेवले. पिशवीतून त्याच लॉटचं एक पाकीट आणि तो पांढरा डबा काढला, एकात पाकिटातली गोळी टाकली, दुसऱ्यात डब्यातली. आणि त्याही खाली बसल्या.

सगळे बघत होते. मंदाचा भाऊसुद्धा पुढं झुकला. पहिल्या पेल्यातल्या गोळीला चिरा पडल्या, कडा सुटल्या, ती खाली पसरली. दुसरी तशीच. बऱ्याच वेळानं म्हातारीनं दुसऱ्या पेल्यात दोन बोटं घातली आणि ती गोळी तळाशी दाबून पाहिली. फुटली नाही. ती तिनं बाहेर काढली, तळहातावर घेतली.

"ह्ये गिळत हुता त्यो?"

"व्हय."

"रोज?"

"रोज दोनदा," मॅडम म्हणाल्या.

म्हातारीनं गोळी पदराला पुसली आणि मुठीत धरून ठेवली. मग मंदाच्या भावाकडं न बघता लेकीला म्हणाली, की मंदा कुठं जायची नाही, तिला बोचकं सोडाया सांग. आणि मंदासाठी तिनं भिंतीपाशी सरकून जागा केली. मंदा येऊन तिथं बसली. मला वाटलं, संपलं, आम्ही ज्यासाठी आलो ते झालं. मी उठलोसुद्धा.

तेव्हा मंदा बोलली. तोवर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. ती रडत नव्हती, आणि रागातही नव्हती.

"वन्सं, गोळीचं मी काय म्हनत न्हाई. ते तुमाला तरी कुटं ठावं हुतं. पन त्यानं तुमाला तीनदा सांगितलं, मी एक बी चुकवली न्हाई म्हनून. तुमी म्हन्ल्या खोटं बोलतो. फोन ठिवल्याव त्यो कोयता घासाया बसला. मंग म्हनला, आक्काला बी माझं खरं वाटंना. त्येच्यानंतर दोनच दिस हुता त्यो."

मॅडमच्या तोंडाकडं मला बघवलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि "व्हय" एवढंच म्हणाल्या. दोन्ही पेले उचलले, मोरीवर नेऊन विसळले, पालथे घातले आणि बाहेर आल्या. परतीच्या रस्त्यावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही मला घाट उतरताना हळू चालव म्हणून सांगायला.

कामावर त्या येत राहिल्या. तपासण्या चोख होत्या, पण लांबोळकी वही बंद झाली. एका सकाळी मी जिन्यावरून पाहिलं, त्या शेखभाईंच्या मशीनपाशी उभ्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. शेखभाई मशीन बंद करून, हात पुसून ऐकत होते. काय बोलणं झालं ते मी कोणालाच विचारलं नाही. दसऱ्याच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. मंदाला पुन्हा टोळीवर जाणं भाग होतं, या वेळी तिच्या भावाबरोबर. म्हातारीला आता दिसत नव्हतं. पूनमला बरोबर नेलं तर शाळा गेलीच, म्हणून मॅडम गावी राहायला गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या थंडीत. कंपनीच्या काही कागदांवर त्यांच्या सह्या राहिल्या होत्या, त्या आणायला गेलो होतो. अंगणात ऊन होतं. मॅडम नऊवारी नेसलेल्या, पहिल्यांदा मला ओळखूच आल्या नाहीत. केस बरेच पिकले होते. म्हातारी उन्हात झोपली होती. मॅडमनी मला चहा टाकते म्हटलं, चुलीकडं गेल्या आणि रिकामं पातेलं हातात घेऊन बाहेर आल्या. दूध नव्हतं.

पूनम दारामागं उभी होती. मॅडमनी पातेलं तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, दूध कुठं गेलं? पोरगी आधी पातेल्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मांजर आलं होतं, त्यानं पिलं, असं म्हणाली. मी न्हाई पिले, आत्या. खरं सांगते.

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. खूप वेळ, ज्या धीरानं त्या पूर्वी भांड्यांकडं बघत तशा. पोरीचा चेहरा उतरत चालला होता. तिच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ अजून ओली होती. मॅडम खाली वाकल्या, पदराच्या टोकानं ती रेघ नीट पुसून काढली आणि म्हणाल्या, "व्हय गं. मांजरच असंल."